दुसऱ्या बाटलीतलं औषध

रामनगर
१२ डिसेंबर १९५८

चि. परशूभावजींस केशरवहिनीचा आशीर्वाद.

पत्राच्या डोईला आशीर्वाद लिहायचा असतो म्हणून लिहिलाय. पुढचं वाचलंत की तो कितपत मनापासून हाय ते तुमचं तुम्हाला कळंल.

तुमच्या अण्णांची बोटं भाजली. उजव्या हाताची. मंगळवारी सकाळी तुम्ही ज्या मनगटातल्या शिरा जोडल्यात, त्याच हाताची.

वहिनी वाढवून सांगती असं तुम्हाला वाटंल, म्हणून जसं घडलं तसं लिहिते. दुपारी आम्ही तुमच्या दवाखान्यातनं निघालो. खाट रिकामी न्हाई, अण्णा घरी गेले तरी चालंल, असं तुम्हीच म्हणालात. बेळगावहून परत येणाऱ्या लाकडाच्या लॉरीत तुम्हीच आम्हाला पुढं बसवून दिलंत. मग माझ्याकडं वळून म्हणालात, "वहिनी, आज रात्रभर दुखणार न्हाई. निवांत झोपतील बघा." आणि हसलात. तेवढंच सांगितलंत. आणखी काही सांगितलं व्हतं असं तुमचं म्हणणं असंल, तर कुठल्या देवासमोर म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

लॉरीत हे लई खुशीत व्हते. हात गळ्यात बांधलेला, पांढऱ्या पट्टीतनं नुसती बोटं बाहेर. डाव्या हातानं त्या बोटांना चिमटे काढून ड्रायव्हरला दाखवत व्हते. "बघा, लाकूड हाय लाकूड. माझ्या भावानं इथं गळ्याच्या हाडाच्या वर सुई टोचली आणि आख्खा हात झोपवला. मी जागा. कात्री वाजत व्हती ती ऐकू येत व्हती, पण हाताला पत्ता न्हाई." खानापूर येईपर्यंत तेच. माझ्या माहेराजवळनं गाडी गेली तरी माहेरचं कुणी दिसतंय का हे बघू दिलं न्हाई, एवढं बोलत व्हते.

त्यातच त्यांनी सांगितलं, की तुम्ही सुईत आधी एका बाटलीतलं औषध ओढलंत, मग दुसऱ्या बाटलीतलं. ह्यांनी विचारलं, "दुसरं काय रे ते?" तवा तुम्ही म्हणालात, "हे तुझ्यासाठी खास."

घरी पोचलो तवा दिवस मावळत व्हता. येसू आला. तुम्ही शाळेला बेळगावला मामाकडं गेलात त्या साली ह्यांची आणि येसूची जोडी जमली, ती आजवर. खड्ड्यावर ओंडका ठेवला की करवतीला वर हे, खाली येसू. त्या दिवशी करवत निसटून ह्यांच्या मनगटावर आली तवा रक्त थांबवणाराही तोच. तो आला, दोघं न्हाणीच्या चुलीजवळ शेकत बसले. आत मी भाकरी थापत व्हते.

मला वास आला. वाटलं येसूचं घोंगडं पेटलं. बाहेर आले तर येसू तोंड फिरवून विडी पेटवत व्हता, आणि ह्यांचा हात झोळीतनं बाहेर. जड झाला म्हणून चुलीच्या दगडावर ठेवला व्हता. तिथनं तो कवा घसरला ते ह्यांना ठाऊकच न्हाई. बोटं निखाऱ्यात. आणि हे येसूला सांगत व्हते, माझ्या परशूचा हात लई हलका हाय रे.

मी ओरडले तवा ह्यांनी आधी माझ्याकडं बघितलं. मग हाताकडं बघितलं, दुसऱ्या कुणाचा हात असावा तसं. येसूनं ओढून काढला. हे म्हणाले, "एवढं काय झालं? दुखत न्हाई."

रात्री ते खरंच निवांत झोपले. तुमचा शब्द खरा झाला. पहाटे हात जागा झाला. पुढचं मी लिहीत न्हाई.

इथल्या डॉक्टरांनी पट्टी केली. ते म्हणाले, ज्यानं शिरा जोडल्या त्यालाच कळवा. कळवलं.

आता मला एवढं सांगा. त्या दुसऱ्या बाटलीत काय व्हतं? त्यानं हात किती वेळ मेल्यासारखा राहतो हे तुम्हाला ठाऊक व्हतं का? ठाऊक व्हतं तर मला सांगितलं का न्हाई? ठाऊक नव्हतं तर घातलं का?

मी पत्र लिहिलंय हे ह्यांना ठाऊक न्हाई. उत्तर माझ्या नावानं घाला.

केशर


रामनगर
२ जानेवारी १९५९

परशूभावजींस,

उत्तर माझ्या नावानं घाला असं लिहिलं व्हतं. तुम्ही ते अण्णांच्या नावानं घातलंत. तुमच्या अण्णांना वाचता येत न्हाई, म्हणजे वाचायची मीच, पण त्यांच्या समोर, मोठ्यानं. हे तुम्हाला ठाऊक व्हतं. त्यांच्या समोर मी काही बोलणार न्हाई हेही ठाऊक व्हतं.

औषधाचं तुम्ही नीट समजावून लिहिलंय. पहिल्या बाटलीतलं औषध हात लवकर बधिर करतं पण दोन तासांत उतरतं, आणि रोगी रात्रभर तळमळतो. म्हणून त्यात दुसरं मिसळायचं, ते सावकाश चढतं आणि लांब टिकतं. आणि थेंबभर तिसरं, रगतानं ते सगळं भराभर वाहून नेऊ नये म्हणून. दुसऱ्याचं नाव अमेथोकेन, तिसऱ्याचं आड्रेनलिन. मला ही नावं वाचताना अडखळायला झालं तर हे हसले. म्हणाले, "बघ केशर, काय काय शिकलाय."

मला कळलं, भावजी. खोटं कशाला बोलू, ऐकताना बरंही वाटलं. तुम्ही वाईट म्हणून काही केलं न्हाई. ह्यांना दुखू नये म्हणूनच केलं.

मग पुढची ओळ आली. "घरच्यांनी त्या हाताकडे लक्ष द्यायला हवे होते."

मी वाचता वाचता थांबले. हे म्हणाले, "पुढं?" मी म्हटलं, "अक्षर लागत न्हाई." ती ओळ मी गाळली. तुमची लाज राखायला गाळली की माझी, ते मला अजून ठरवता येत न्हाई.

घरच्यांनी म्हणजे मी. माझ्याशिवाय ह्या घरात दुसरं कोण हाय? मग मला सांगा, मी लक्ष कशाकडं द्यायचं व्हतं? दुखतंय का ते मी सारखं बघत व्हते. तुम्ही म्हणालात दुखणार न्हाई, आणि दुखत नव्हतं. मला वाटलं सगळं ठीक हाय. आमचा हात निखाऱ्याजवळ गेला तर आम्हाला बघावं लागत न्हाई, हात आपण होऊन मागं येतो. तुम्ही हाताची ती राखण काढून घेतलीत. घेतलीत तर घेतलीत, पण घरात एका तरी माणसाला सांगायचं व्हतं, की आजची रात्र ह्या हाताला राखण न्हाई, तुम्ही बसा. मी बसले असते. लॉरीच्या दारात उभं राहून हसण्याइतकाच वेळ लागला असता त्याला.

हात कसा हाय ते तुम्ही विचारलंय. करंगळी काळी पडली. तिच्या शेजारचं बोट पेरापर्यंत काळं. मधलं वाकून तळहाताला टेकलंय, सरळ होत न्हाई. तुम्ही जोडलेल्या शिरा धरल्यात की न्हाई ते कळायला बोटं तर हलली पाहिजेत.

दुखतं किती ते विचारलं न्हाई तुम्ही. मी सांगत न्हाई. सांगितलं तर त्यावर आणखी एखादी बाटली पाठवाल.

हे म्हणतात, "परशूला हे काळंबिळं लिहू नको. त्याच्या मनाला लागंल." मी व्हय म्हटलं आणि आता लिहितेय.

तुम्ही येतो असं लिहिलं न्हाई. कामाचा व्याप असंल.

केशर


रामनगर
१५ मार्च १९५९

परशूभावजींस,

शिमगा जवळ आला. तुम्ही येणार न्हाई हे आता विचारायची गरज न्हाई.

मलमाची डबी पोचली. अण्णांच्या नावचं पत्रही पोचलं. नेहमीसारखं मोठ्यानं वाचलं. ते वाचून आज चार दिवस मी गप्प बसले. माझ्या गप्प बसण्यावर तुम्ही सगळ्यांनीच लई भरवसा ठेवलाय.

आधी इथलं सांगते. येसूनं दुसरा जोडीदार केला. मी त्याला दोष देत न्हाई. खड्डा दोन महिने रिकामा ठेवला त्यानं. रोज संध्याकाळी येऊन बसायचा. एक दिवस म्हणाला, "विठ्ठला, मुकादम विचारतोय."

हे म्हणाले, "घे की कुणाला तरी."

"तू बरा झालास की..."

"येसू, हा हात बघ." आणि पहिल्यांदा फडकं सोडून त्याला दाखवला. करंगळी तवा गळून पडली व्हती. येसूनं बघितलं आणि उठून गेला. दुसऱ्या दिवसापासनं आमच्या घरात करवतीचा आवाज येतो तो वाऱ्यावर, लांबनं. हे ओसरीत बसून ऐकतात. वर चढलेला माणूस नवा हाय, ओढ चुकतोय, असं म्हणतात. चूक काढण्यात तरी मन रमतं म्हणून मी ऐकून घेते.

आता तुमचं पत्र. हुबळीला डॉक्टरांची सभा झाली, त्यात तुम्ही औषधं मिसळण्यावर बोललात, सगळ्यांना आवडलं, मोठ्या डॉक्टरांनी पाठ थोपटली. ऐकताना ह्यांचं तोंड उजळलं. मला म्हणाले, "ते परत वाच." मी परत वाचलं. पाठ थोपटली ते तीनदा वाचलं.

मग तुम्ही काय काय सांगितलंत ते लिहिलंय. त्यात एक रोगी हाय. "जंगलात लाकूड कापणारा एक मजूर. मनगटातल्या शिरा जोडल्या. रात्रभर वेदनेवाचून झोपला. सकाळपर्यंत कोणतेही गुंगीचे औषध द्यावे लागले नाही."

हे म्हणाले, "हा मीच न्हवं?"

मी म्हटलं, "तुम्हीच."

"मजूर म्हणाला?"

"व्हय."

"तसं म्हणायची पद्धत असंल. सभेत भाऊ कसं म्हणणार."

मग म्हणाले, "बोटांचं सांगितलंस का रे?" मला रे म्हणाले, भावजी. तुमच्याशीच बोलत असावेत. मी म्हटलं, "न्हाई सांगितलं."

हे म्हणाले, "झोपलो ते तर खरं व्हतं ना."

खरं व्हतं. त्यांची झोप तुम्ही हुबळीला नेलीत आणि बोटं इथं ठेवलीत. तिथं बसलेल्या डॉक्टरांपैकी एकानं तरी विचारलं का, की त्या मजुराचं पुढं काय झालं? विचारलं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतं? आता ते सगळे आपापल्या गावी जाऊन दोन बाटल्यांतलं एकत्र करणार. आणि रोग्याला घरी सोडताना त्याच्या बायकोला काय सांगणार? निवांत झोपतील बघा.

मलम लावत न्हाई. डबी कपाटात हाय. इथल्या डॉक्टरांचं चाललंय तेच बरं.

केशर


रामनगर
४ मे १९५९

परशा,

आज तुला तुम्ही म्हणणार न्हाई. मी ह्या घरात आले तवा तू नाकातला शेंबूड पुसायचा न्हाईस. ओढ्याला पाणी आलं की माझ्या कमरेवर बसून पलीकडं शाळेला जायचास. आमच्या घरात पोर म्हणून तूच, पुढंही दुसरं कुणी आलं न्हाई. तू डॉक्टर झालास तवापासनं मी भावजी म्हणू लागले, मानानं. तो मान आज बाजूला ठेवलाय.

परवा तिन्हीसांजेला देवकी माझ्या दारात उतरली. नंदिगड्ड्याची. तू तिला ओळखणार न्हाईस, ओळखतोस ते तिचं हाड. काजू काढताना पडली, कोपराच्या खाली हात मोडला, तिच्या भावानं, मारुतीनं, तुझ्याकडं आणली. तू सकाळी हाड बसवलंस, पट्टी केलीस आणि दुपारी सोडलंस. लॉरी रामनगरापर्यंतच. पुढं नंदिगड्ड्याला रात्रीचं जायला काही न्हाई, म्हणून कुणीतरी दोघांना आमच्याकडं धाडलं.

तिचा हात बघितला. तशीच झोळी, तशीच बोटं. मी विचारलं, "दुखतंय?" ती म्हणाली, "अजाबात न्हाई, अक्का. डॉक्टर देवमाणूस हाय."

"हाताला काही कळतंय?"

"कुठलं कळायला. दुसऱ्याचा हात बांधलाय असं वाटालंय."

मी मारुतीला विचारलं, "डॉक्टरांनी काय सांगितलं निघताना?"

तो आठवू लागला. म्हणाला, "पट्टी भिजवू नका म्हणाले. परत तीन आठवड्यांनी या म्हणाले. आणि रात्री दुखणार न्हाई म्हणाले."

"आगीपासनं जपा म्हणाले? हात अंगाखाली येऊ देऊ नका? कशाला आपटतोय का बघा?"

"न्हाई बा."

माझ्या पत्रांचं तू काय केलंस रे? तुला डिसेंबरात लिहिलं. जानेवारीत लिहिलं. मार्चात लिहिलं. माझ्या नावानं एक ओळ आली न्हाई, ते मी सोडलं. मला वाटलं, उत्तर देत न्हाई पण वाचत असंल. वाचून दवाखान्यात रोग्यांना सांगत असंल. त्याच एका आशेवर मी गप्प व्हते. पाच महिने झाले आणि तू अजून तसंच हसून माणसं लॉरीत बसवतोस.

मी देवकीला चुलीजवळ येऊ दिलं न्हाई. ताट तिच्यापुढं नेलं. तिला आतल्या खोलीत निजवली, हात उशीवर ठेवला आणि शेजारी बसले. ती झोपली. झोपेत कूस वळली तसा हात उशीवरनं घसरला आणि खाटेच्या लोखंडी दांड्यावर आपटला. तिला कळलं न्हाई. मी उचलून परत ठेवला. किती जड असतो रे तो हात. मी ह्यांचा तसा कवा उचलला नव्हता, मला कुठं ठाऊक व्हतं. पुन्हा घसरला, पुन्हा ठेवला. सूर्य वर यायच्या आधी तिची बोटं हलली आणि ती कण्हू लागली. तिचं कण्हणं ऐकून मला एवढं हलकं वाटलं की मी तिथंच रडले. बिचारी म्हणाली, "अक्का, दुखतंय मला, तुम्ही का रडता?" तवा मी तिला सगळं सांगितलं. आणि ओसरीत बसलेल्या ह्यांचा हात दाखवला.

ह्यांना मात्र राग आला. माझा. देवकी गेल्यावर म्हणाले, "परक्या माणसांत त्याचं नाव काढायचं काय काम? उद्या कोण जाईल त्याच्याकडं?" लग्न झाल्यापासनं ह्यांनी माझ्याशी अबोला धरला नव्हता. आता दोन दिवस धरलाय. हेही तुझ्यापायी.

आता ऐक. ह्यांचं वाकलेलं बोट आणि त्या शेजारचं मेलेलं पेर, ह्याला कात्री लावावी लागंल असं इथले डॉक्टर म्हणतात. दुसरीकडं कुठंही जायला हे तयार न्हाईत. "परशूच करंल." म्हणून मी ह्यांना घेऊन येतेय. आल्यावर तीन गोष्टी तू करशील. सुईत काय घालतोस ते त्यांना आधी सांगशील. ते किती वेळ टिकतं ते मला सांगशील. आणि हात जागा होईपर्यंत आम्हाला घरी धाडणार न्हाईस, खाट असो नसो. न्हाईतर मी भुईवर बसेन, पण हलणार न्हाई.

केशर


रामनगर
२७ मे १९५९

परशूभावजींस,

परत भावजी म्हणतेय. रागात अरे-तुरे केलं ते मागं घेत न्हाई, पण ते एकदाच पुरे.

आम्ही घरी पोचलो. हात बरा हाय. जखम कोरडी हाय. मधलं बोट अर्धं तरी उघडतंय. अंगठा आणि पहिलं बोट शाबूत हाय, त्यांत ह्यांनी काल विडी धरली.

तुम्हाला हे पत्र लिहायला बसले त्याचं कारण वेगळं हाय. तुम्ही त्या संध्याकाळी ह्यांच्या खाटेवर बसून जे सांगितलंत, ते सांगून नर्सबाईंनी हाक मारली म्हणून उठून गेलात. परत आला न्हाईत. दुसऱ्या दिवशी आम्हाला निरोप द्यायला तुमच्याऐवजी कंपाउंडर आला. त्यामुळं तुमच्या बोलण्यावर ह्यांनी काय म्हटलं ते तुम्हाला ठाऊक न्हाई. ते तुम्हाला ठाऊक व्हायला पाहिजे.

त्याआधी आदल्या दिवशीच्या सकाळचं. ते मी सोडणार न्हाई. मोठे डॉक्टर खाटांमधनं फिरत आले, तुम्ही त्यांच्या मागं. मी उभी राहून विचारलं, "आज ह्यांच्या सुईत काय काय घालणार?" मोठ्या डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं, "ह्या कोण?"

तुम्ही म्हणालात, "पेशंटची बायको, सर." आणि माझ्याकडं न बघता, "ओ बाई, बाहेर थांबा."

ओ बाई. मी बाहेर थांबले. व्हरांड्यात एका म्हातारीनं विचारलं, आत तुमचं कोण हाय? मी म्हटलं, नवरा. डॉक्टरांकडं बोट दाखवून, तो माझा दीर हाय असं सांगायची माझी हिंमत झाली न्हाई. तुम्ही मला परकी केलंत, भावजी, आणि मी ते तिथल्या तिथं मान्य केलं. त्याचा राग मला माझाही येतो.

पण आत तुम्ही सांगितलंत. ते मला ह्यांनी बाहेर आल्यावर सांगितलं. दोन्ही बाटल्या ह्यांच्या डोळ्यांसमोर धरल्यात. म्हणालात, "अण्णा, ही एकटी घातली तर दुपारपर्यंत उतरंल, मग दुखंल. ही मिसळली तर मध्यरात्रीपर्यंत, कदाचित पहाटेपर्यंत हात तुझा नसणार. तो दुसऱ्या कुणाला तरी सांभाळावा लागंल. काय करू?" आणि हे म्हणाले, "मिसळ. केशर हाय सांभाळायला."

मिसळलंत. हात फळीला बांधून उशांमध्ये ठेवलात. मला खाटेजवळ स्टूल दिलंत, काय बघायचं ते सांगितलंत. बोटांचा रंग बघा, गार पडतात का बघा, हात लोंबकळू देऊ नका. मी बघितलं. हे झोपले. पहाटे हात जागा झाला तवा नुसती जखम दुखली, तेवढंच. एवढंच व्हतं, भावजी. स्टूल आणि चार वाक्यं.

मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही आलात. पांढरा कोट काढून आला व्हता. खाटेच्या कडेला बसलात. मी उठून जात व्हते, तुम्ही म्हणालात, "वहिनी, बसा."

म्हणालात, "अण्णा, डिसेंबरात तुला घातलं तसं मिसळून मी त्याआधी कुणालाच घातलं नव्हतं. पुस्तकात वाचलं व्हतं. किती मिसळायचं, किती टिकतं, माझं मलाच पक्कं ठाऊक नव्हतं. परक्या माणसावर करायची छाती झाली न्हाई. काही झालं तर तो तक्रार करंल. तू करणार न्हाईस हे ठाऊक व्हतं. तू पहिला."

नर्सबाईंनी हाक मारली. तुम्ही गेलात.

मला वाटलं आता तरी हे काही बोलतील. पट्टीचा हात छातीवर घेऊन वर बघत पडले. जेवले न्हाईत. लॉरीत बसलो तरी गप्प. मागच्या खेपेला ज्या रस्त्यानं बोलून बोलून मला नको केलं व्हतं, त्याच रस्त्यानं एक शब्द न्हाई. मला वाटलं ह्यांच्या मनातनं भाऊ गेला. खोटं सांगत न्हाई, मला बरं वाटलं. माझ्या एकटीच्या डोक्यावर एवढे महिने जे व्हतं, ते आता दोघांत वाटलं गेलं असं वाटलं.

रामनगरात उतरलो. सामान मी घेतलं. घराकडं चालताना हे थांबले.

म्हणाले, "केशर, त्यानं मला विचारलं असतं ना, की अण्णा, नवीन हाय, अजून कुणावर केलं न्हाई, तुझ्यावर करू का, तर मी व्हय म्हटलं असतं."

मी म्हटलं, "तुम्ही म्हटलंच असतं."

"बोटं जातील म्हणाला असता तरी. करवत काय, दुसरा कुणी ओढंल." मग म्हणाले, "त्याला विचारावंसं वाटलं न्हाई, एवढं मात्र..." आणि पुढं बोलता आलं न्हाई. रस्त्यातच उभे राहिले. लग्नात, आई गेली तवा, करंगळी गळाली तवा, मी ह्यांना कवा रडताना बघितलं न्हाई. रामनगरच्या रस्त्यात, येणारे-जाणारे बघत असताना, मी ह्यांचं तोंड पदरानं पुसलं.

म्हणून लिहिलं. तुम्ही सांगून मोकळे झालात आणि कामाला गेलात. मागं काय राहिलं ते तुम्हाला ठाऊक असू दे. बोटांसाठी मी तुमच्यावर रागावले व्हते, तो राग कवातरी ओसरला असता. हा ओसरंल असं मला वाटत न्हाई. व्हय म्हणणारा माणूस तुमच्यासमोर जागा पडला व्हता.

देवकीचं हाड नीट जुळतंय. मारुती तिला दाखवून आला, तो परवा सांगून गेला, की तुमच्या दवाखान्यात आता नर्सबाई प्रत्येकाच्या घरच्या माणसाला बाजूला घेऊन समजावते आणि हात जागा झाल्याशिवाय कुणाला सोडत न्हाईत. मोठे डॉक्टर खाटा अडतात म्हणून कुरकुरतात, पण तुम्ही ऐकत न्हाई म्हणे. ऐकू नका.

चवथीला, गणपतीला या. तुम्ही यावं असं ह्यांना वाटतं, ते सांगत नसले तरी. पाट मांडीन, जेवायला वाढीन, काही कमी पडू देणार न्हाई. माझ्या तोंडून शब्द निघंल की न्हाई ते मी आज सांगत न्हाई.

केशर